कपाटापुढचं भाषण

४ जानेवारी

अनुवाद आज संपला. शेवटचा पूर्णविराम दिला आणि पेन इतक्या जोरात आपटलं की टोपण टेबलाखाली गेलं. शोधायला वाकलो नाही. ज्या नाटकावरून तीन देशांतल्या शहाण्या माणसांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं, ते आजपासून आपल्या भाषेत आहे. टोपणाचं काय घेऊन बसलात.

नाटक असं. एका खोलीत एक कपाट आहे. बापलेक ते बाहेर काढायला आले आहेत. ते दारातून जात नाही. दोघं ते आडवं करतात, तिरपं करतात, दार मोजतात, वैतागून एकमेकांना मोजतात. कपाटात एक बाई आहे. ती आतून त्यांना सल्ले देते. ते तिच्याशी वाद घालतात, तिचं ऐकतातही, पण कपाट उघडून पाहावं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येत नाही. शेवटी ती स्वतः दार उघडते, बाहेर येते, समोर पाहते, एक शब्द न बोलता परत आत जाते आणि दार ओढून घेते. संपलं.

मूळ देशात पहिल्याच प्रयोगाला अर्धी माणसं मध्यंतराआधी उठून गेली. शेजारच्या देशात दिग्दर्शकाने बाईच काढून टाकली आणि कपाट रिकामं ठेवलं. तिथे नाटक तुफान चाललं आणि लेखकाने कोर्टात जाऊन ते बंद पाडलं. तिसऱ्या देशात सरकारने सांगितलं की बाई राहू द्या, कपाट काढा. हा सगळा इतिहास मी प्रस्तावनेत घातला आहे. प्रस्तावना नाटकाहून थोडी मोठी झाली. इलाज नाही.

लेखकाला मी चार पानी पत्र लिहून कपाटाचा अर्थ विचारला होता. त्याने उलट टपाली कपाटाची मापं पाठवली. लांबी, रुंदी, उंची, आणि खाली एक ओळ: दार आतून ओढता आलं पाहिजे. माणूस थोर आहे, पण उद्धट.

बाईचं काम ताई करणार. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि बोलायला शिकवलं तेही तिनेच. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिल्या रांगेत बसायची. तिचा तळहात मांडीवर उघडा असला तर बोलत राहा, मूठ मिटली की पुरे. मी तिच्या हाताकडे कधी पाहिलं नाही आणि तरी बक्षिसं आणली. पुढे ती नटी झाली. जन्मभर रंगमंचावर इतरांच्या आया केल्या. चहा घेऊन यायचं, पदराला डोळे पुसायचे, निघून जायचं.

"ही बाई कुणाची आई नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग करते. आणि बसून आहे हे बरं. गुडघ्याने मला केव्हाच राजीनामा दिलाय."

१२ जानेवारी

तालीम. दिग्दर्शकाला आम्ही सगळे मास्तर म्हणतो. मास्तर दिवसाला जेवढे शब्द वापरतात तेवढे मी दात घासताना वापरतो. पण कामाला पक्के.

सुतारकाकांनी कपाट आणलं, लेखकाच्या मापाबरहुकूम. अरुंद आहे. ताई आत बसली आणि दार ओढून घेतलं. आतून आवाज आला, "माप घेताना कुणाला घेऊन बसले होते रे? मांजराला?" सुतारकाकांनी तिच्या डोळ्यांच्या रेषेत दाराला एक भोक पाडून दिलं. वारा येईल आणि बाहेरचं दिसेल.

मास्तरांशी खटका उडाला. नाटकाच्या सुरुवातीला पडदा वर जातो आणि बराच वेळ काहीही घडत नाही. बापलेक दोरी हातात घेऊन नुसते उभे. प्रेक्षक चुळबुळ करू लागतील, कुणी खोकेल, कुणी हसेल, आणि ते पार वैतागले की कपाटातून पहिलं वाक्य: "गेले का सगळे?"

मी म्हटलं, एवढी शांतता आपल्या प्रेक्षकाला झेपणार नाही. मास्तर म्हणाले, "झेपू नये म्हणूनच आहे."

२० जानेवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही. नाट्यपरीक्षण समितीपुढे उभा राहिलो. टेबलाच्या पलीकडे अध्यक्ष, एक बाई, आणि चष्मेवाले चिटणीस, ज्यांच्यासमोर संहिता उघडी होती आणि ज्यांनी ती खरोखर वाचली होती. हे तिघांत विशेष.

"आम्हाला नाटक पाडायचं नाही," चष्मेवाले म्हणाले, "आम्हाला ते समजायचंय. ही बाई कपाटात का आहे?"

मास्तर म्हणाले, "आहे."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. परवानगी हातातून चालली होती. मी उठलो.

मी काय बोललो ते आता शब्दशः आठवत नाही, पण असं बोललो नव्हतो कधी. म्हटलं, कपाट कुठल्या घरात नाही? ज्याला आपण हलवू पाहतो, मोजू पाहतो, ज्याच्याशी भांडतो, पण उघडत मात्र नाही, असं काहीतरी प्रत्येक घरात उभं असतं आणि त्यात कुणीतरी बसलेलं असतं. म्हटलं, माणूस ओझं उचलायला तयार असतो, आत कोण आहे हे विचारायला तयार नसतो. समितीच्या बाईंनी डोळे टिपले. अध्यक्षांनी स्वतः उठून हात मिळवला.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "जरा जास्त पटवलंत."

यात टीका काय आहे ते मला कळलं नाही.

२७ जानेवारी

परवानगी आली. सोबत अट आली. उतरवून ठेवतो, पुढच्या पिढ्यांना कळावं: "सदर नाटकाचा अर्थ समितीपुढे ज्याप्रमाणे उलगडण्यात आला त्याप्रमाणे तो प्रत्येक प्रयोगास, तिसऱ्या घंटेनंतर व पडदा उघडण्यापूर्वी, अनुवादकाने जातीने प्रेक्षकांपुढे उलगडावा; अन्यथा परवानगी रद्द समजावी."

मी ते मोठ्याने वाचलं आणि ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"तुला कुणी सांगितलं होतं रे एवढं चांगलं बोलायला?"

"ताई, हा हसण्याचा विषय नाही. हा कलेच्या गळ्याला फास आहे."

"फास तुझ्या गळ्याला आहे. नाटक बिचारं अजून आत बसलंय."

मी उभा जन्म जाचक नियमांविरुद्ध बोललो. आज एका नियमाने मला बोलायची शिक्षा दिली आहे. यापेक्षा कोंडी ती काय असते?

८ फेब्रुवारी

काल पहिला प्रयोग. तिसरी घंटा झाली. ताई कपाटात, बापलेक दोरी धरून जागेवर, आणि मी पडद्याबाहेर ध्वनिक्षेपकापाशी. अट होती म्हणून बोललो. थोडक्यात आटपायचं ठरवलं होतं, पण समोर माणसं होती, मान डोलावत होती. थोडक्यात आटपणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता. इतर देशांतला इतिहासही सांगितला. सरकारने कपाट काढायला लावलं या वाक्याला मोठा हशा पडला.

मग पडदा वर गेला आणि ती शांतता आली. कुणी हललं नाही. खोकला नाही, चुळबुळ नाही. लोक माना तिरक्या करून कपाटाकडे समजूतदारपणे पाहत होते. मला भरून आलं. इतर देशांत जे कुणाला साधलं नाही ते आपल्या प्रेक्षकाने पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं.

ताई मेकअप उतरवत होती. मग म्हणाली, "गेले का सगळे म्हटलं, आणि मला वाटलं खरंच गेलेत."

"एकाग्र होते, ताई."

"हं. देवळात असतात तसे."

२१ फेब्रुवारी

सहा प्रयोग झाले. वर्तमानपत्राने माझ्या विवेचनाची स्वतंत्र दखल घेतली आहे. नाटकाबद्दल "आटोपशीर" असं लिहिलं आहे. काल तिकीटखिडकीवर एकाने विचारलं म्हणे, ते भाषणवाले आजही आहेत ना. मला हे आवडत नाही. मी अनुवादक आहे, बांधून आणलेला माणूस आहे. रोज त्या पडद्यापुढे उभा राहतो तेव्हा मागचा पडदा मला भिंतीसारखा वाटतो. मागे जाता येत नाही, पुढे माणसं.

ताईचं म्हणणं, भाषण लहान कर. "तुझा शेवट कधी कळतच नाही रे. तीनदा वाटतं की आता संपलं, म्हणून पाय आवळून बसते. मग तू 'आणि म्हणूनच' म्हणतोस आणि पुन्हा पहिल्यापासून."

म्हटलं, मग तू भाषण संपता संपता आत जाऊन बस. तर मास्तर म्हणे तिसऱ्या घंटेला नट जागेवर. आणि शेवट कधी होणार याचा कुणालाच अंदाज नसेल तर ती बसणार कधी. यात माझा काय दोष? अटीत "त्याप्रमाणे" असा शब्द आहे. समितीपुढे जेवढं बोललो त्याहून कमी बोललो तर परवानगीला धोका. मी टाळ्यांच्या भुकेने बोलत नाही, नाटक जगावं म्हणून बोलतो.

३ मार्च

लेखकाचं पत्र आलं. त्याच्या देशातल्या कुणी प्रवाशाने आमचा प्रयोग पाहून त्याला कळवलं होतं. मला वाटलं चिडला असेल. पत्रात एवढंच: "ऐकतो की तुमच्याकडे पडद्यापुढे एक माणूस बोलतो. तो मी लिहिलेला नाही. त्याची उंची किती आहे?"

चहाच्या वेळी मास्तरांना आणि ताईला वाचून दाखवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईने बशी खाली ठेवली.

"पाच फूट सात," ती म्हणाली. "वाकून पाच फूट पाच."

"ताई, त्याला पुतळा उभारायचा नाहीये."

"मग लपवतोस कशाला, कळव की."

कळवली. एवढ्या मोठ्या लेखकाने माझी चौकशी करावी याचा अर्थ तो वरवर दाखवतो तितका रूक्ष नाही.

१६ मार्च

मंडईत चष्मेवाले चिटणीस भेटले, दोन्ही हातांत पिशव्या. मी त्यांना भर रस्त्यात धरलं आणि म्हटलं, तुमच्या अटीने एका कलाकृतीचा आणि एका माणसाचा जीव घुसमटतो आहे.

ते संकोचले. "अहो, नाही बोललात तरी चालेल. आमच्यातलं कोण येतंय तपासायला? अध्यक्षांनी उत्साहात घातली ती अट."

"म्हणजे? लेखी दिलेली अट तुम्ही पिशव्या सावरत तोंडी मागे घेणार?"

"तसं समजा."

"मी तसं समजू शकत नाही. लेखी द्या."

"लेखी द्यायचं तर बैठक लागते. बैठक आता पुढल्या वर्षी."

बघा. हा असा माणसाचा गळा धरतात, मऊ हातांनी. मी घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं की ती माझ्या बाजूने पेटून उठेल.

"म्हणजे आजपासून नाही बोललास तरी चालतंय."

"तू ऐकलं नाहीस का? तोंडी आहे ते. उद्या कुणी तक्रार केली तर? तत्त्वाचा प्रश्न आहे."

ताई गुडघ्याला तेल चोळत होती. "तुझी ना," ती म्हणाली, "तत्त्वं नेहमी तुझ्याच सोयीच्या खुर्चीत बसतात."

मी तिचं बोलणं मनावर घेत नाही. बसून बसून ती चिडचिडी झाली आहे.

२५ मार्च

काल मी अप्रतिम बोललो, आणि नंतर जे झालं त्यामुळे तो आनंद राहिला नाही.

पडदा वर गेला. शांतता. ठरलेला वेळ झाला तरी कपाटातून वाक्य आलं नाही. आणखी वेळ गेला. लोक मागे वळून पाहू लागले, कुणीतरी खोकलं, वरच्या बाजूला खुर्ची करकरली. बापाचं काम करणारा नट, ज्याला आम्ही लांबू म्हणतो, तो कपाटाकडे सरकला. शेवटी त्याने नाटकात नसलेली गोष्ट केली, कपाटावर टकटक केली. आतून फार बारीक आवाज आला, "गेले का सगळे?"

ताईला आत घेरी आली होती. प्रयोग तिने पुरा केला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, कोंदट जागेत इतका वेळ बसणं बंद. मी लगेच सुतारकाकांना आणखी भोकं पाडायला सांगितलं. मी म्हटलं, वाटलं तर दुसरी नटी पाहू.

ताई पलंगावर टेकून बसली होती. आवाज चढवला नाही.

"चाळीस वर्षं चहाचे ट्रे नेले मी. आता कुठे एक काम मिळालंय ज्यात सगळे माझी वाट बघतात. ते मी सोडणार नाही. तू सोड तुझं."

"माझं काम कुठलं? ती शिक्षा आहे."

"शिक्षेला एवढ्या टाळ्या पडत नाहीत."

उत्तर होतं माझ्याकडे. चांगलं होतं. पण तिला धाप लागली होती म्हणून दिलं नाही.

६ एप्रिल

काल जे घडलं ते मी संतापाने लिहिणार होतो. पहाटेपासून बसलोय आणि संताप नीट येत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

नाट्यगृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेतली मधली एक खुर्ची मात्र रिकामी. तिसरी घंटा झाली, मी बाहेर गेलो, बोलू लागलो. सूर लागला होता. "कपाट कुठल्या घरात नाही" इथवर आलो आणि माझ्या मागे पडदा वर गेला.

मला वाटलं कप्पीवाल्याची चूक. वळलो तर दिवे पुरे लागलेले, लांबू आणि मुलाचं काम करणारा नट दोरी धरून उभे, आणि कपाटाचं दार उघडं. ताई त्यातून बाहेर आली. गुडघ्यामुळे सावकाश चालत माझ्यापर्यंत आली आणि तिने माझं कोपर धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

"चल," ती हळूच म्हणाली. "आत बस."

हजार माणसांसमोर मोठ्या बहिणीचा हात झटकणं शक्य नव्हतं. लोक हसत होते, त्यांना तो नाटकाचा भाग वाटला. मी आत गेलो. माझं डोकं फळीला घासलं. पाच फूट सात. दार बाहेरून लागलं आणि मला तिचे पाय दुखऱ्या लयीत दूर जाताना ऐकू आले.

आत अंधार होता आणि ताईच्या शालीचा वास. खाली घडी घातलेली उशी, लिमलेटचे कागद, पाण्याची बाटली. एका खाचेत कापसाचे दोन बोळे नीट ठेवलेले होते, कानात मावतील एवढे. तिचे कान दुखतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

भोक माझ्या डोळ्यांपेक्षा खाली होतं. वाकून डोळा लावला. समोर ध्वनिक्षेपक एकटाच उभा, माझी जागा. भोकातून बरोबर तेवढंच दिसतं. आणि त्यापलीकडे, पहिल्या रांगेतल्या त्या मधल्या खुर्चीत, ताई.

मी ठरवलं की बोलायचं नाही. एक शब्द नाही. होऊ दे फजिती. विंगेतून मास्तरांनी कुजबुजून वाक्याची आठवण दिली. मला वाक्य माहीत होतं, माझंच होतं ते. मी ओठ आवळून बसलो.

मग ती शांतता ऐकू आली. इतके प्रयोग झाले, पण मी ती आतून ऐकली नव्हती. आधी काहीच नाही. मग एक खोकला. मग कपडे सळसळले. कुणीतरी शेजारच्याला काहीतरी विचारलं, शेजारी "श्श" म्हणाला, आणि त्या "श्श"वर तिसराच कुणी हसला. खुर्च्या वाजू लागल्या. पाय ओढल्याचा आवाज आला, एक दार उघडून मिटलं. मला घाम फुटला. एवढीशी जागा, फळी डोक्याला लागलेली, भोकातून बाकीचं सभागृह दिसत नाही, कुणी मला काही सांगत नाही. मला खरोखर वाटलं की लोक उठून चाललेत आणि मी इथेच राहणार.

"गेले का सगळे?"

मी ते म्हटलं नाही. विचारलं.

आणि नाट्यगृह फुटलं. असं हसू मी माझ्या कुठल्याही वाक्याला मिळवलेलं नाही. ते थांबेना. हसता हसता लांबूलाही आवरेना, त्याच्या हातची दोरी सुटली आणि ते पुन्हा हसले.

पुढचं सगळं केलं. बाईची सगळी वाक्यं मला पाठ होती, मी सल्ले दिले, भांडलो. ते कपाट तिरपं करताना माझा खांदा शेकून निघाला. मला वाटत होतं की कुणीतरी आता दार उघडेल. ते उघडत नाहीत हे मीच लिहिलंय, तरी वाटत होतं.

मग शेवट आला. बाईने स्वतः दार उघडायचं, बाहेर यायचं, पाहायचं. मी बाहेर आलो. पाय आखडले होते. समोर हजार माणसं, पूर्ण शांत, माझ्याकडे पाहणारी. ध्वनिक्षेपक हाताच्या अंतरावर होता. घशापर्यंत शब्द आले होते, सगळे, हारीने. संहितेत त्या जागी एकही शब्द नाही.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ताईचा हात मांडीवर होता, तळवा उघडा.

बोलायचं काही नव्हतं, म्हणून नुसता उभा राहिलो. ती माझ्याकडे पाहत होती. पाठ खुर्चीला टेकलेली, दुखरा पाय समोर लांब सोडलेला, आणि चेहरा मोकळा. इतके महिने तो मी पाहिला नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. मी तिच्या हातावरची नजर काढली नाही.

तिने हळूच मूठ मिटली.

मी आत गेलो आणि दार ओढून घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. कुणासाठी होत्या ते आतून कळत नाही.